पात्रता, प्रतीक्षा आणि न्याय : मरणोत्तर मूत्रपिंडवाटपाच्या निकषांची चिकित्सा (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दान सत्पात्री पडावे ही भारतीय दानविचारातील जुनी अट होय. काय द्यावे यापेक्षा कोणास द्यावे याची चर्चा धर्मशास्त्रकारांनी अधिक बारकाईने केली आणि कुपात्री गेलेले दान निष्फळ मानले. मराठीतील ‘पात्र’ हा शब्द त्या परंपरेचे दोन अर्थ आजही वागवतो. शासकीय योजनेचा लाभार्थी अटी पूर्ण केल्याने ‘पात्र’ ठरतो. एखादी व्यक्ती आदरास ‘पात्र’ असते ती तिच्या गुणांमुळे. पहिल्या अर्थात केवळ अटींची पूर्तता आहे, दुसऱ्यात माणसाची किंमत ठरविणे आहे. मरणोत्तर अवयवदानाच्या आधुनिक व्यवस्थेने या परंपरेशी जाणीवपूर्वक फारकत घेतली. येथे दात्याचे कुटुंब पात्र निवडीत नाही. अवयव कोणास गेला हे त्यांना अधिकृतपणे सांगितलेही जात नाही. निवड करते ती प्रतीक्षायादी आणि त्या यादीतील गुणांचा हिशेब.

प्रस्तुत निबंधात मूत्रपिंडवाटपाच्या या गुणपद्धतीची चिकित्सा केली आहे. यादीवर आलेल्या रुग्णांपुरती ही पद्धत बऱ्याच अंशी निःपक्ष आहे, हे मान्य करावे लागते. परंतु अवयव कोणास मिळणार याचा निर्णय मुख्यतः यादीवर होतच नाही. तो यादीच्या अलीकडे, नोंदणीच्या दाराशी होतो. आणि पात्रतेचा जो अर्थ नियमांनी बाहेर काढला तोच तेथे वैद्यकीय परिभाषा धारण करून परत येतो, असे येथे प्रतिपादन आहे.

कायद्याची नजर

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ साली संमत झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेने हा कायदा करावा असा ठराव ज्या राज्यांनी केला त्यांत गोवा व हिमाचल प्रदेश यांच्यासह महाराष्ट्र होता. मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीने त्या काळात जे रूप धारण केले होते त्याची ही प्रतिक्रिया होती, आणि कायद्याच्या रचनेवर तिची छाप स्पष्ट आहे. अवयव कोणाकडून घेतला, संमती कशी घेतली, पैसा हातोहात गेला काय, मेंदुमृत्यू कोणी प्रमाणित करावा, याविषयी कायदा तपशीलवार बोलतो. अवयव कोणास द्यावा याविषयी मात्र तो जवळजवळ मूक आहे. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला आणि राष्ट्रीय जाळ्याची तरतूद झाली. २०१४ च्या नियमांनी वाटपाचा क्रम सांगितला : प्रथम राज्याची यादी, मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय, त्यानंतर भारतीय वंशाची व्यक्ती आणि शेवटी परदेशी रुग्ण. हा क्रम भूगोल व नागरिकत्व यांचा आहे. दोन रुग्णांमधून एक निवडण्याचा नाही. तो निर्णय राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या, धोरणपत्रकांवर आणि राज्यांच्या विभागीय समन्वय केंद्रांच्या कार्यपद्धतीवर सोपविला गेला. म्हणजे जीवन-मरणाचा निर्णय अशा कागदावर आहे ज्यावर कोणत्याही विधिमंडळात चर्चा झालेली नाही.

महाराष्ट्रात अशी चार विभागीय केंद्रे आहेत : मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. यांतील शेवटचे मराठवाड्याचे. २०१६ च्या आरंभी तत्कालीन औरंगाबाद शहरात मेंदुमृत दात्यांकडून अवयवदान होऊ लागले. दात्याचे हृदय विमानाने मुंबईस गेले, रुग्णालयापासून चिकलठाणा विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा ठेवला, आणि ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द या शहरातील वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाचा झाला. अवयव कसा गेला याची जितकी वर्णने छापली गेली तितकी तो कोणत्या निकषाने गेला याची झाली नाहीत.

सिएटलचा अनुभव

निकषांचे महत्त्व समजण्यासाठी निकष नसताना काय होते हे पाहणे उद्बोधक ठरते. १९६० साली बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी अमेरिकेतील सिएटल येथे रुग्णाच्या हातात कायम ठेवता येणारी नळी वापरात आणली आणि दीर्घकाल डायलिसिस शक्य झाले. यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ, तेव्हा निवडीसाठी सात सदस्यांची समिती नेमली गेली. तीत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँक व्यावसायिक, एक गृहिणी, एक शासकीय अधिकारी, एक कामगार नेता व एक शल्यचिकित्सक होते. रुग्णाचे उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, विवाह, अपत्ये, चर्चशी असलेला संबंध या बाबी समितीने विचारात घेतल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये शॅना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ नियतकालिकात या समितीवर लेख लिहिला तेव्हा अमेरिकन वाचक हादरले. सात प्रतिष्ठित माणसांनी आपल्यासारख्यांना वाचविले होते. मराठवाड्यात अशी समिती बसली असती तर गावोगाव फिरणाऱ्या तमाशा कलावंतास तिने कोणता क्रमांक दिला असता, हे सांगण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

या प्रसंगानंतर नैतिक तत्त्वज्ञानात दोन भूमिका मांडल्या गेल्या. निकोलस रेशर यांनी १९६९ मध्ये समाजाला झालेले व होऊ शकणारे योगदान हा एक ग्राह्य निकष मानला. जेम्स चाइल्ड्रेस यांनी १९७० मध्ये वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्यांतून चिठ्ठी टाकावी, अथवा आधी येईल त्यास आधी हा न्याय लावावा, अशी बाजू मांडली. माणसांची तुलनात्मक किंमत ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही, हा त्यांचा आधार. भारतातील गुणपद्धती स्पष्टपणे दुसऱ्या भूमिकेच्या जवळ आहे आणि ही तिची खरी प्रतिष्ठा आहे. अमेरिकेत डायलिसिसचा प्रश्न पुढे १९७२ च्या कायद्याने शासकीय निधी आल्यावर मावळला. मूत्रपिंडाचा तसा मावळणार नाही, कारण अंदाजपत्रकात तरतूद वाढविल्याने दात्यांची संख्या वाढत नाही.

गुणपत्रकाचे वाचन

नोटोच्या निकषांनुसार डायलिसिसवर काढलेल्या प्रत्येक महिन्यास एक गुण मिळतो. सहा वर्षांखालील रुग्णास तीन, सहा ते बारा वर्षांच्या आतील रुग्णास दोन, बारा ते अठराच्या आतील रुग्णास एक गुण. डायलिसिससाठी हातातील सर्व फिस्टुला निकामी झालेल्यास दोन किंवा तीन. ज्याच्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे जुळणारा अवयव सापडणे कठीण, त्यास त्या प्रमाणात अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. पूर्वी स्वतःचे मूत्रपिंड दिलेल्या आणि आता स्वतःच रुग्ण झालेल्या व्यक्तीस पाच. मरणोत्तर दात्याच्या जवळच्या नातेवाइकासही पाच.

पत्रकात जात, उत्पन्न, शिक्षण, पद यांना स्थान नाही, ही गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. आमदाराचा महिना आणि हमालाचा महिना येथे सारखाच मोजला जातो. आपल्या सार्वजनिक जीवनात अशी पत्रके फार नाहीत.

तथापि गुणांची बेरीज करून पाहिली की पत्रकाचा खरा आशय उघड होतो. पाच वर्षे डायलिसिसवर असलेल्या प्रौढाचे साठ गुण झालेले असतात. त्याच्यापुढे पाच वर्षांच्या मुलाला मिळणारे तीन गुण म्हणजे तीन महिन्यांची सूट. वाढीच्या वयात डायलिसिसवर राहिलेल्या मुलाची उंची खुंटते, शाळा सुटते. ही हानी पत्रकाने ओळखली, पण तिची किंमत एका हंगामाइतकी धरली. ज्या स्त्रीने भावाला किंवा पतीला मूत्रपिंड दिले आणि पुढे जिचे उरलेले मूत्रपिंड निकामी झाले, तिच्याविषयीची कृतज्ञता पाच महिन्यांत फिटते. विविध तत्त्वे मांडलेली दिसत असली तरी वजन एकाच तत्त्वाला आहे, आणि ते तत्त्व प्रतीक्षेचे आहे. बाकीचे गुण बरोबरी झाल्यास उपयोगी पडणारे आहेत. असे करणे चूक आहे असे नव्हे. परंतु पत्रक बालकांना किंवा दात्यांना प्राधान्य देते हे विधान जपूनच करावयास हवे.

दात्याच्या नातेवाइकास मिळणाऱ्या पाच गुणांचे स्वरूप वेगळे आहे. येथे दानाला परतफेड जोडली जाते. कृतज्ञता म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण मेंदुमृत व्यक्तीच्या कुटुंबापुढे संमतिपत्र ठेवले जात असताना भावी प्राधान्याचा उल्लेख झाला तर दानाचे विम्यात रूपांतर होते. शिवाय दान करण्याची संधी ही निवड नसून अपघात आहे. ज्यांच्या घरी कोणी मेंदुमृत झाले नाही त्यांच्या पुण्यात ते कमी पडले, असा याचा अर्थ कोणी लावणार नाही.

प्रतीक्षेचा अर्थ

प्रतीक्षा हा निकष समतेचा वाटतो, कारण काळ सर्वांना सारखा. प्रत्यक्षात काळ सारखा नसतो. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी बांधून घेणे ज्याला वर्षानुवर्षे जमते त्याचे गुण वाढत जातात. ज्याला ते जमत नाही त्याचे गुण वाढण्याऐवजी नाव कमी होते. म्हणजे पत्रक प्रतीक्षा मोजते असे म्हणण्यापेक्षा तग मोजते असे म्हणणे यथार्थ होईल. आणि तग धरण्याची शक्ती घर, रस्ता, अन्न, रजा व सोबत करणारे माणूस यांवर अवलंबून असते.

मराठवाड्याचा विचार केल्यास हे मूर्त होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्या कुटुंबातील रुग्णाने कारखान्याच्या गावात, मग आपल्या तालुक्यात, मग जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस घेतले असेल, तर त्याचे महिने तीन ठिकाणच्या फायलींत विखुरलेले असतात. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा २०१६ च्या अंदाजपत्रकात झाली आणि जिल्हा पातळीवर यंत्रे आली, ही मोठी सोय आहे. परंतु डायलिसिसची नोंद आणि प्रत्यारोपणाच्या यादीची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जिल्हा रुग्णालयात डायलिसिस घेणारा रुग्ण आपोआप यादीवर येत नाही. त्यासाठी त्याला मान्यताप्राप्त प्रत्यारोपण केंद्रात जावे लागते, चाचण्या कराव्या लागतात, आणि त्या केंद्राने त्याचे नाव पुढे पाठवावे लागते. किनवटचा रुग्ण तेलंगणाच्या सीमेवर राहतो, उमरग्याच्या रुग्णाला सोलापूर जवळ. विभागाच्या नकाशात मात्र दोघेही छत्रपती संभाजीनगरचे.

नोंदणीचे दार

केंद्र नाव पाठविण्यापूर्वी काय पाहते? हृदय व फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसतील काय, संसर्ग किंवा कर्करोग आहे काय, हे निखळ वैद्यकीय प्रश्न. त्यांच्या पाठोपाठ येतात ते असे : रुग्ण औषधे नियमित घेईल काय, तपासणीस येत राहील काय, घरात काळजी घेणारे कोणी आहे काय, प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांचा खर्च पेलेल काय. हे प्रश्न निरर्थक नाहीत. औषधे थांबली तर शरीर अवयव नाकारते आणि एक मूत्रपिंड वाया जाते. चिकित्सकाला ही भीती असणे योग्यच आहे. परंतु त्यांची उत्तरे रुग्णाच्या शरीरात नसून त्याच्या परिस्थितीत असतात. सिएटलच्या समितीने उत्पन्न, विवाह आणि घर यांविषयी जे विचारले तेच येथे वेगळ्या नावाने विचारले जाते. फरक इतकाच की तेथे सात माणसे मतदान करीत. येथे ‘अनुपालनाची शक्यता कमी’ असा शेरा एका केसपेपरवर पडतो आणि त्यावर अपील नसते. अनेकदा शेराही पडत नाही. खर्चाचा आकडा ऐकून नातेवाईकच उठतात आणि बसस्थानकाची वाट धरतात. अशा रुग्णाला कोणी नाकारले असे कागदोपत्री म्हणता येत नाही.

यकृताच्या बाबतीत ही सरमिसळ अधिक ठळक दिसते. मद्यपानाने यकृत निकामी झालेल्यांना कमी प्राधान्य द्यावे, असे मॉस आणि सीगलर यांनी १९९१ मध्ये मांडले. अनेक केंद्रांनी सहा महिन्यांच्या मद्यत्यागाची अट घातली आणि तिला वैद्यकीय कारण दिले. २०११ मध्ये फ्रान्स व बेल्जियममधील अभ्यासात, काळजीपूर्वक निवडलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णांत लवकर प्रत्यारोपण केल्यावर सहा महिने जगण्याचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. सरसकट अटीमागे विज्ञानाइतकाच, किंवा त्याहून अधिक, रुग्णाविषयीचा निवाडा होता हे त्यातून दिसले. सत्पात्रतेचा विचार असा दुसऱ्या दाराने आत येतो.

खर्चाच्या अडचणीवर शासनाने उपाय केला नाही असे नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयाने ती साडेचार लाख झाली. शस्त्रक्रियेचा भार त्यामुळे हलका होतो. मात्र केंद्रासमोर खरा प्रश्न असतो तो पुढील दहा-पंधरा वर्षांच्या औषधांचा, आणि रुग्णाला यादीबाहेर ठेवणारा खर्चही तोच असतो. या औषधांची शाश्वत तरतूद ही वरवर पाहता अर्थसंकल्पीय बाब. वस्तुतः ती वाटपाच्या नीतीची बाब आहे.

स्त्रियांचा प्रश्नही याच दाराशी अडलेला आहे. शासकीय आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या काळात देशातील सुमारे ५६,५०० जिवंत दात्यांपैकी सुमारे ३६,००० स्त्रिया होत्या; प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत मात्र स्त्रिया सुमारे १७,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने स्त्री रुग्णांना व मरणोत्तर दात्यांच्या नातेवाइकांना वाटपात प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु वरील हिशेब येथेही लागू होतो : अधिक गुण यादीवर पोचलेल्या स्त्रीला मिळतील. जिच्या उपचारासाठी शेत गहाण पडले नाही, जिला प्रत्यारोपण केंद्रापर्यंत कोणी आणलेच नाही, तिला कितीही गुण दिले तरी ते शून्यातच मिळवावे लागतील. दोष घरात आणि दाराशी आहे. दुरुस्ती आतल्या खोलीत होत आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने नोंदणीसाठी अधिवासाची अट काढावी, नोंदणीशुल्क घेऊ नये आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा रद्द करावी, असे राज्यांना कळविले. सिएटलच्या समितीनेही पहिली चाळणी अधिवासाचीच लावली होती : वॉशिंग्टन राज्याच्या करदात्यांच्या पैशावर संशोधन झाले, तेव्हा रुग्ण त्याच राज्याचा असावा. भारताने ही चाळणी काढली हे तत्त्वतः योग्य झाले. व्यवहारात मात्र याचा लाभ ज्याला पुणे किंवा हैदराबाद येथे खोली भाड्याने घेऊन राहता येते त्यालाच मिळण्याचा संभव अधिक.

अनुशेष आणि अवयव

मराठवाड्याला वाटपाचा वाद नवा नाही. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून ‘अनुशेष’ हा येथील राजकारणाचा मूळ शब्द राहिला, आणि जायकवाडीच्या निमित्ताने ‘समन्यायी पाणीवाटप’ ही संज्ञा सामान्य शेतकऱ्याच्या तोंडी आली. १५ ऑक्टोबरला धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, हे सूत्र येथील प्राध्यापकवर्गालाही पाठ आहे. त्यामुळे येथील दात्याचे हृदय मुंबईस जाते तेव्हा हाही एक अनुशेष काय, अशी शंका उमटणे स्वाभाविक. ती शंका सरसकट मान्य करता येत नाही. पाण्याचे हिस्से पडतात, टंचाईही वाटून घेता येते. मूत्रपिंड एकालाच मिळते आणि दुसऱ्याला संपूर्ण नकार मिळतो. अवयव प्रदेशाची मालमत्ता नाही. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडले पाहिजे, आणि ते जेथे बसविता येईल तेथे गेले तर त्यात अन्याय नाही.

विचार करावयाचा तो दुसऱ्या बाबीचा. दात्याचे रुग्णालय स्वतः प्रत्यारोपण केंद्र असेल तर एक मूत्रपिंड त्याच्या स्वतःच्या यादीस आणि दुसरे विभागाच्या सामायिक यादीस, ही महाराष्ट्रात प्रचलित राहिलेली पद्धत आहे. मेंदुमृत दात्याची देखभाल करण्यास, कुटुंबाशी बोलण्यास रुग्णालयांनी पुढे यावे म्हणून हे प्रोत्साहन. पण याचा परिणाम असा की समान गुण असलेल्या दोन रुग्णांपैकी कोणाचा क्रमांक आधी लागेल हे त्याने कोणत्या रुग्णालयात नाव घातले यावर अवलंबून राहते. अतिदक्षता विभागात खाटा अधिक असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या यादीवर असणे हीच एक पात्रता होते. घाटीत डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला ही पात्रता कशी मिळावी, याचे उत्तर पत्रकात नाही. प्रोत्साहन रुग्णालयाला द्यावयाचे तर ते निधीच्या रूपाने देता येईल. मूत्रपिंडाच्या रूपाने देण्याचे समर्थन कठीण आहे.

या सर्व विवेचनातून एक व्यवहार्य मागणी निघते आणि ती फार खर्चाची नाही. विभागीय केंद्रे प्रतीक्षेतील रुग्णांची व झालेल्या प्रत्यारोपणांची संख्या सांगतात. त्यासोबत मूल्यमापनासाठी किती रुग्ण आले, किती नोंदले गेले, किती परत गेले आणि कोणत्या कारणाने, ही माहिती जिल्हा, लिंग व खर्चाचा स्रोत यांनुसार, रुग्णांची नावे न देता, दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. नकाराचे कारण लेखी असावे आणि उपचार करणाऱ्या केंद्राबाहेरील एखाद्या तज्ज्ञाकडे त्याविरुद्ध दाद मागता यावी. जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस विभागांनी प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपणाविषयी सांगितले की नाही, याचीही नोंद असावी. नंतरच्या गुणांची चर्चा या नोंदींशिवाय अपुरी राहते.

या मागणीचा संबंध दानाशीही आहे. मेंदुमृत घोषित होणारे अनेक जण रस्ता अपघातात डोक्यास मार लागलेले असतात. दुचाकीवरून कामाला निघालेला तरुण, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडलेला मजूर. त्यांच्या नातेवाइकांपुढे समुपदेशक बसतो तेव्हा संमती ज्या कुटुंबांकडे मागितली जाते, त्यांतील कित्येक कुटुंबांतील रुग्ण नोंदणीच्या दारापर्यंत कधी पोचलेला नसतो. आमच्या माणसाला गरज पडली असती तर त्याला मिळाले असते काय, असे त्यांच्यापैकी एखाद्याने विचारल्यास समुपदेशकाजवळ आज गुणपत्रक आहे. नकारांची नोंदवही नाही, आणि तिच्यावाचून या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही.